पाच बाटल्या, एक ग्लास

दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की कराडपासून वाळवा, पलूस, मिरजेपर्यंतचा कृष्णाकाठ उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा या सगळ्या कारखान्यांना जोडून डिस्टिलरी आहे. कारखान्यावरून जाताना येणारा तो आंबूस-गोडसर वास इथल्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असतो, पण त्या वासापासून दारूच्या दुकानातल्या पांढऱ्या रमच्या बाटलीपर्यंतची वाट सहसा कुणी सांगत नाही. एका परदेशी कॉकटेलच्या निमित्ताने ती वाट आधी सांगतो आणि मग तेच कॉकटेल घरी नीट कसं करायचं ते. कॉकटेलचं नाव आहे लाँग आयलंड आइस्ड टी. व्होडका, जिन, पांढरी रम, टकीला आणि संत्र्याचा लिकर अशा पाच दारू एका ग्लासात एकत्र येतात. त्यात चहा अजिबात नसतो, फक्त रंग कोऱ्या चहाचा असतो.

एक टन ऊस गाळला की साखर काढून झाल्यावर साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. ती काळी, दाट आणि चिकट असते. तिच्यात साखर अजून पुष्कळ असते, पण तिचे स्फटिक करणं परवडत नाही. डिस्टिलरीत मळी पाण्याने पातळ करून तिच्यात यीस्ट सोडतात. दीड-एक दिवसात यीस्ट ती साखर खाऊन टाकतं आणि ८ ते १० टक्के अल्कोहोलचं फसफसतं द्रावण तयार होतं. मग ते उंच स्तंभांमधून तापवत नेतात. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसच्या जरा वर उकळतं आणि पाणी १०० अंशाला, या फरकावर सगळं काम चालतं. पहिल्या फेरीत रेक्टिफाइड स्पिरिट मिळतं. ते आणखी स्तंभांतून नेऊन त्यातले उग्र वासाचे आणि घातक घटक वेगळे काढले की ९६ टक्क्यांच्या आसपासचं, जवळजवळ बिनवासाचं ईएनए म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल हाती येतं. एक टन मळीतून साधारण सव्वादोनशे लिटर अल्कोहोल निघतं. हल्ली त्यातलं बरंचसं इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातं आणि उरलेलं दारू बनवणाऱ्यांकडे.

आपल्याकडची बहुतेक रम मळीपासूनच बनते. भारतीय व्होडका आणि जिन यांच्या मुळाशीही असंच ईएनए असतं, कधी मळीचं, कधी धान्याचं. त्यात शुद्ध पाणी घालून ते ४२.८ टक्क्यांवर आणतात. हा विचित्र आकडा बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. ब्रिटिश काळच्या प्रूफ मापात तो ७५ अंश भरतो. ती मोजणी लेबलांवर आजही टिकून आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

आता पाचही बाटल्या एकेक करून पाहू, कारण ग्लासात प्रत्येकीचं काम वेगळं आहे. व्होडकाला स्वतःची चव जवळपास नसते, ती नुसती ताकद देते. जिन म्हणजे न्यूट्रल अल्कोहोलमध्ये ज्युनिपरची फळं आणि इतर मसाले मुरवून किंवा त्यांच्याबरोबर पुन्हा ऊर्ध्वपातन करून आणलेला सुवास. गेल्या काही वर्षांत गोव्यात चांगली जिन बनू लागली. २०१७ मध्ये ग्रेटर दॅन आली, २०१८ मध्ये स्ट्रेंजर अँड सन्स. त्यामुळे चांगल्या जिनसाठी विमानतळावरून बाटली आणणाऱ्या नातेवाइकाची वाट पाहावी लागत नाही. पांढरी रम उसाचा हलका गोडवा आणते. इथे ओल्ड मंकसारखी काळी रम चालत नाही. तिचा व्हॅनिला-कॅरॅमलचा भरदार वास बाकी चौघांना दाबून टाकतो. काळी रम स्वतंत्रपणे, लिंबू आणि कोला घालून घेण्यात खरी मजा आहे.

सगळ्यांत बोलकी बाटली टकीलाची. ती मेक्सिकोतल्या निळ्या अगाव्हेच्या गड्ड्यापासून होते आणि टकीला हे नाव तिथल्या ठरावीक प्रदेशातल्या दारूलाच लावता येतं. पण अगाव्हे आपल्याला परकं नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत बांधावर, रस्त्याकडेला जे घायपात दिसतं, तेही अगाव्हेच. अमेरिकेतून आलेली ही वनस्पती पूर्वी कुंपणासाठी आणि दोरखंडासाठी लावत. दख्खनच्या पठारावर रानोमाळ वाढणाऱ्या घायपातापासून अलीकडे भारतात दारू बनू लागली आहे. तिला टकीला म्हणता येत नाही, अगाव्हे स्पिरिट म्हणतात. माया पिस्टोलाची बाटली त्यातली. माझ्या मते या कॉकटेलसाठी ती स्वस्त आयात टकीलापेक्षा कधीही बरी. भाजलेल्या गड्ड्याचा तो मातकट, किंचित मिरमिरीत वास आला नाही तर लाँग आयलंड म्हणजे नुसतं दारू घातलेलं लिंबू-कोला.

पाचवी बाटली ट्रिपल सेक, म्हणजे संत्र्याच्या सालीचा गोड लिकर. क्वान्त्रो हा त्यातला नावाजलेला प्रकार, ४० टक्क्यांचा. तालुक्याच्या गावी तो सहसा मिळत नाही आणि मिळाला तरी एका कॉकटेलपुरता तो महाग पडतो. इथेच घरच्या स्वयंपाकघराचा उपयोग होतो.

हिवाळ्यात नागपुरी संत्री बाजारात आली की तीन मोठी, रसरशीत, घट्ट सालीची घ्या. कोमट पाण्यात चोळून धुवा, म्हणजे वरचं मेण जाईल. बटाटे सोलायच्या सोलाण्याने फक्त नारिंगी साल अलगद काढा. खालचा पांढरा भाग कडू असतो, तो आला तर सुरीने खरवडून टाका. ही साल १०० ग्रॅम साखरेत घालून हाताने चांगली कुस्करा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी भांड्याच्या तळाशी नारिंगी तेलाची चकाकती ओल दिसते. सालीतल्या सूक्ष्म पिशव्यांमधलं सुगंधी तेल साखरेने ओढून घेतलेलं असतं. त्यावर १०० मिली कडकडीत पाणी ओता, साखर विरघळेपर्यंत ढवळा, गाळा आणि बाटलीत भरा. फ्रिजमध्ये हा पाक दोन आठवडे उत्तम राहतो. तो ट्रिपल सेकची जागा सुवासात बऱ्यापैकी भरून काढतो आणि वेगळं साखरपाणीही लागत नाही. शिवाय ग्लासातली दारू पाचव्या हिश्शाने कमी होते. काही जण इथे गुळाचा पाक करून बघतात. कराड-कोल्हापूरकडचा गूळ कितीही चांगला असला तरी त्याची खारट-गोड चव इथे पुढे येते आणि पेय गढूळ होतं. या कॉकटेलला साखरच हवी.

खर्चाचं म्हणाल तर पाच खंबे आणायची काहीही गरज नाही. व्होडका, जिन आणि पांढरी रम यांचे क्वार्टर मिळतात. १८० मिलीच्या क्वार्टरमधून १५ मिलीचे बारा ग्लास निघतात. टकीला किंवा अगाव्हे स्पिरिटची तेवढी मोठी बाटली घ्यावी लागते. झाकण घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात ठेवली तर ती खराब होत नाही.

या पेयाच्या जन्माच्या दोन कहाण्या आहेत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ओक बीच इन नावाचा बार होता. तिथल्या रॉबर्ट बट याने १९७२ मध्ये ट्रिपल सेक वापरायच्या स्पर्धेसाठी हे पेय बनवलं, असा त्याचा दावा. टेनेसी राज्यातल्या किंग्सपोर्ट गावालाही लाँग आयलंड नावाचं एक बेट आहे. तिथले लोक सांगतात की अमेरिकेत दारूबंदी असताना, १९२० च्या दशकात, तिथे हे पहिल्यांदा बनलं. त्या कृतीत व्हिस्की आणि मेपलचा पाक होता. आज जगभर केली जाते ती कृती न्यूयॉर्कवाल्यांच्या जवळची. बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रमाण असं: पाचही दारू प्रत्येकी १५ मिली, लिंबाचा रस ३० मिली, साखरेचा पाक २० मिली आणि वरून कोला.

आपल्या घरचं प्रमाण थोडं वेगळं ठेवू. व्होडका, जिन, पांढरी रम आणि टकीला प्रत्येकी १५ मिली, म्हणजे एकूण ६० मिली. संत्र्याचा पाक २० मिली. लिंबाचा रस २० ते २५ मिलीच, कारण परदेशी कृतीतलं ते मोठं पिवळं लिंबू आपल्या कागदी लिंबापेक्षा कमी आंबट असतं. कागदी लिंबू ओट्यावर तळहाताखाली फिरवून मऊ करा आणि मगच कापा. रसदार लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो, त्यामुळे दोन लिंबं पुरतात. रस त्याच वेळी काढायचा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी कडवट लागतो. लिंबू जोरात पिळू नका, सालीतला कडूपणा उतरतो. बिया आणि गर चहाच्या गाळणीने गाळून घ्या. कोला ५० ते ६० मिली, त्याहून जास्त नको. थम्स अप चालतो आणि मला तोच जास्त आवडतो. १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेल्यावर पारलेने आणलेल्या या कोल्याची झिणझिणी आणि मसाल्याची चव चार दारूंपुढे टिकून राहते. फक्त तो अंमळ तिखट असल्याने ५० मिलीवरच थांबा.

मोजायचं कशाने? बारमध्ये असतं तसं धातूचं दोन तोंडांचं माप घरी नसेल, तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लॅस्टिकचं टोपण बघा. त्यावर ५, १०, १५ मिलीच्या खुणा उठवलेल्या असतात. ते गरम पाण्याने धुऊन घेतलं की काम भागतं. टोपण डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि दारू खुणेला टेकली की थांबा. अंदाजाने ओतायचं नाही. एकेका बाटलीतून पाच मिली जास्त पडली तरी डोळ्यांना कळत नाही. चार बाटल्यांतून तशीच पडली तर २० मिली होतात, म्हणजे लहान पेगचे दोन तृतीयांश. एरवी व्हिस्की-पाण्यात असा जास्तीचा घोट जिभेला लगेच कळतो. इथे कळत नाही, आणि त्यामागे कारण आहे.

अल्कोहोलची जळजळ चार गोष्टी झाकतात: गोडी, आंबटपणा, थंडी आणि बुडबुडे. या ग्लासात चारही एकाच वेळी असतात. पहिल्या घोटाला लिंबू-संत्र-कोला लागतं आणि दारूची जाणीव फक्त मागाहून येणाऱ्या उबेतून होते. लाँग आयलंडला लोक नावं ठेवतात ती बहुधा यामुळेच. अनेक ठिकाणी तो मोजल्याविना ओततात, वर कोल्याने ग्लास भरतात, आणि पिणाऱ्याला वाटतं की आपण काहीच घेतलं नाही. मोजून केलेला लाँग आयलंड खरोखर सुरेख पेय आहे. ज्युनिपर, घायपात आणि संत्र्याची साल हे तिन्ही वास एका घोटात वेगवेगळे ओळखू येतात, आणि ते ओळखू येणं हीच पेय बरोबर जमल्याची खूण.

आता आकड्यांकडे वळू. संघटनेच्या प्रमाणात ७५ मिली दारू, म्हणजे साधारण ३१ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात २४-२५ ग्रॅम. ६५० मिलीच्या पाच टक्क्यांच्या बिअरच्या बाटलीत जवळपास तेवढंच अल्कोहोल असतं. म्हणजे एक ग्लास घेतला तर बिअरची अख्खी मोठी बाटली घेतल्यासारखं. आपल्या घरच्या ६० मिलीच्या प्रमाणात ते एका मोठ्या पेगइतकं, सुमारे २० ग्रॅम.

बर्फाचाही नीट विचार हवा. फ्रिजमधला घरचाच बर्फ वापरा, पाणी उकळून गार केलेलं घ्या. बाहेरून लादी आणायची असेल तर ती खाण्यायोग्य आहे का ते विचारा. मासळी टिकवायचा बर्फ पेयात घालायचा नसतो. २०१८ पासून महाराष्ट्रात अशा अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे. बर्फ फ्रीजरमधून काढून बराच वेळ ओट्यावर पडला की त्यावर पाण्याचा थर येतो आणि तो पेय थंड करण्याआधीच पातळ करतो. शेवटच्या क्षणी काढा, आणि तुकडे मोठे असू द्या.

घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली शेकर म्हणून छान चालते. तिच्यात पाक, लिंबाचा रस आणि चारही दारू घाला. आधी स्वस्त जिन्नस घालावेत, म्हणजे माप चुकलं तर दारू वाया जात नाही. मग बाटली बर्फाने दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा. स्टीलवर धुकं धरलं आणि हाताला गारठा बोचू लागला की पुरे. हलवताना बर्फातलं २५-३० मिली पाणी पेयात उतरतं, आणि ते उतरायलाच हवं. त्या पाण्याविना चारही दारू एकमेकींशी भांडतात, पाण्याने त्यांची धार कमी होते. कोला या बाटलीत कधीही घालायचा नाही. वायूच्या दाबाने झाकण उडतं आणि बुडबुडेही जातात.

३०० ते ३५० मिलीचा उंच ग्लास ताज्या बर्फाने भरा, शेकरमधलं पेय गाळणीतून त्यात ओता. शेवटी ग्लास तिरपा धरून कोला कडेने हळूहळू सोडा. तो खाली बसतो आणि गडद तपकिरी रंग वर चढत येतो. लांब चमच्याने एकदाच, तळापासून वर उचलल्यासारखं ढवळा. वर लिंबाची एक चकती. चव घेऊन पाहा. आंबट लागलं तर चमचाभर पाक, फार गोड लागलं तर चार थेंब लिंबू. कोल्याने चव सुधारायला जाऊ नका.

याबरोबर पोटात काहीतरी असलंच पाहिजे, आणि ते ग्लास हातात घेण्याआधी. भाजलेले शेंगदाणे किंवा चकली चालते, पण पोटभर भाकरी, पिठलं, अंडी किंवा मटण हे जास्त उपयोगाचं. पोटात अन्न असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच अल्कोहोल संपवतं. काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ किंवा लिंबूपाणी त्याचा वेग वाढवत नाही.

पुणे-बेंगळुरू महामार्ग सातारा, कराड, पेठनाका असा आपल्या दारातून जातो, म्हणून हा हिशेब स्पष्ट मांडतो. मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं तर गुन्हा आहे. ७० किलो वजनाच्या पुरुषाने संघटनेच्या प्रमाणाचा एक ग्लास रिकाम्या पोटी लवकर संपवला, तर ढोबळमानाने हे प्रमाण ५० च्या आसपास जातं. घरच्या हलक्या प्रमाणातही ४० ओलांडतं. लहान चणीच्या व्यक्तीत, विशेषतः स्त्रियांत, त्याहून वर. म्हणजे एकाच ग्लासात मर्यादा मोडते. पाहुण्यांना जायचं असेल तर मुक्काम किंवा न पिणारा चालक आधी ठरवा.

कायद्याची दुसरी बाजूही पाहू. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. दुकानात एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो, वर्षाचा शंभर आणि आजन्म हजार रुपयांना. कॉकटेलमध्ये लागणाऱ्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, बिअर आणि वाइनसाठी २१. घरी आलेल्यांकडून पैसे घेऊन पेय देणं ही परवान्याविना विक्री ठरते. आणि बाटली नेहमी सीलबंद, परवानाधारक दुकानातलीच. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. तिच्यात मिथेनॉल होतं. मिथेनॉल वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही, आणि कॉकटेलमध्ये तर मुळीच नाही. पाच बाटल्यांतली एक जरी सुटी, बिनलेबलची असेल तर ती घालू नका.

गर्भवती स्त्रिया, यकृताचा त्रास असणारे, मधुमेहाची किंवा झोपेची औषधं घेणारे आणि मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्यांचा कोर्स चालू असलेले यांच्यासाठी हे पेय नाही. त्यांच्यासाठी त्याच शेकरमध्ये संत्र्याचा पाक, लिंबू, चिमूटभर मीठ आणि दाट कोरा चहा गार करून हलवा, वर कोला सोडा. रंग तोच येतो, चहाचा कडवटपणा अगाव्हेची जागा थोडीफार भरतो, आणि ग्लास सगळ्यांबरोबर हातात धरता येतो. हा प्रकार करायचा असेल तर चहा आदल्या दिवशी गार पाण्यात पानं भिजत घालून फ्रिजमध्ये काढा. गरम काढलेला चहा बर्फावर ओतला की गढूळ होतो.